फोटोतला किडा ओळखायचा कसा? खंडोबाच्या किड्यापासून सुरुवात करू

गेल्या दिवाळीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोटो आला. हापूसच्या फांदीला चिकटलेली सुपारीएवढी तपकिरी गाठ, साबणाचा फेस वाळून कडक व्हावा तशी. खाली मजकूर होता, "बाई, कलमांवर हा रोग आलाय. सहा गाठी सापडल्या, पाच कापून जाळल्या. औषध कुठलं मारू?"

तो रोग नव्हता, खंडोबाच्या किड्याची अंडी होती. पुस्तकात याला प्रार्थनाकीटक म्हणतात, आमच्याकडे सरसकट नाकतोडा. मादी पोटाच्या टोकातून फेस सोडते, त्या फेसात ओळीने अंडी लावते आणि फेस वाळून त्याचं कवच होतं. अशा एकेका गाठीतून शंभरावर पिल्लं निघू शकतात. पिल्लं बाहेर पडली की बागेतला मावा, तुडतुडे, माश्या, सापडेल ते खात मोठी होतात. पाच गाठी जळून गेल्या होत्या. सहावी आजही त्या फांदीवर आहे, तिच्याबद्दल पुढे सांगते.

मी देवरुखजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. बावीस वर्षं झाली. फोनवर रोज चार-पाच फोटो येतात: आजी-माजी मुलांचे, त्यांच्या आईवडिलांचे, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचे. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "बाई, हा कसला किडा?" प्रत्येकाला उत्तर द्यायचा मी प्रयत्न करते. पण नाव सांगण्यापेक्षा बघायचं कसं हे सांगितलं तर माणूस पुढच्या वेळी काडेपेटी काढायच्या आधी थांबतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढते आहे.

फोटो काढताना

ओळख पटत नाही याचं कारण बहुतेक वेळा फोटोतच असतं. लोक एकच फोटो काढतात, तोही वरून. वरून किड्याची पाठ दिसते. पाय, तोंड, पोट काहीच दिसत नाही. बाजूने काढलेला फोटो सगळ्यात कामाचा. माझ्या मुलांना मी चार फोटो सांगते: एक वरून, एक बाजूने, एक तोंडासमोरून, आणि चौथा किडा ज्या झाडावर बसलाय त्या झाडाचा, पान-फूल दिसेल असा. चौथा फोटो कुणीही काढत नाही. पण किडा कुठल्या झाडावर होता हे कळलं की निम्मं काम होतं, विशेषतः अळ्या आणि ढेकण्यांच्या बाबतीत.

पहिला फोटो लांबूनच आणि लगेच काढून घ्यायचा. किडा उडाला तर निदान काहीतरी हाती राहतं. मग एकेक पाऊल पुढे. स्वतःची सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही; सावली पडली की नव्वद टक्के किडे पळतात. फोन अगदी नाकाशी नेला तर बहुतेक फोनचं फोकस सुटतं. वीतभर अंतरावरून काढा आणि नंतर फोटो कापून मोठा करा, तो जास्त स्पष्ट येतो. फोकस डोळ्यावर धरा. डोळा स्वच्छ आला की मिशाही बऱ्याचदा स्वच्छ येतात.

रात्री टॉर्चचा झोत थेट मारला तर भुंग्याची पाठ नुसती चकाकते, रंगच दिसत नाही. टॉर्चपुढे ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरा, नसेल तर पातळ पांढरा रुमाल. आमच्या शाळेतली मुलं चित्रकलेच्या वहीतला बटर पेपर रबरबँडने टॉर्चला बांधतात.

आकार कळला पाहिजे. "एवढा मोठा होता" म्हणून हाताने दाखवलेला मला फोनवर दिसत नाही. कंपासपेटीतली पट्टी शेजारी धरा. पट्टी नसली तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. तळहातावर मात्र घेऊ नका. जास्वंदीच्या आणि भेंडीच्या फुलांत बसणारे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे भुंगे अंगातून जो द्रव सोडतात, त्याने कातडीवर फोड येतात. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली येणारा, मुंगीसारखा दिसणारा नारिंगी-काळा बारीक किडा मानेवर चिरडला गेला तर दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या डोळ्याजवळ असा पट्टा उठला होता. घरच्यांनी आठवडाभर नागीण समजून उपचार केले.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबला जातो, आणि मिशीवरचे केस, पायावरचे काटे नेमके त्यातच पुसले जातात. रंग उजळणारे फिल्टर लावू नका. कधी आणि कुठे काढला ते लिहा.

आधी घराणं, मग नाव

लग्नाच्या मांडवात अनोळखी माणूस भेटला की आपण आधी विचारतो, कुठल्या गावचे, कुणाकडचे? नाव मागून येतं. किड्याचंही तसंच करायचं. एकदम नावावर उडी मारली की चूक ठरलेली.

आधी पाय मोजा. सहा असतील तर कीटक. आठ असतील तर कोळी, विंचू, गोचीड यांच्यातला. हे सोपं वाटतं, पण आंब्याच्या पानांवर लाल मुंगळ्यांत मिसळून फिरणारा एक कोळी आहे, तो पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो. फोटोत सहा पाय आणि दोन मिशा मोजून मुलं मुंगी म्हणून मोकळी होतात. मिशीला मुंगीसारखं कोपर आहे का ते बघा. डोळे बघा: समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे दिसले तर तो कोळी.

मग पंख. दोनच पंख असतील तर माश्या आणि डासांचं घराणं. झेंडूवर, तुळशीच्या मंजिरीवर अधांतरी थांबणारी पिवळ्या पट्ट्यांची 'मधमाशी' बऱ्याचदा मधमाशी नसतेच, ती एक माशी असते. तिचे डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापतात, मिशा अगदी आखूड असतात, आणि पंख दोनच. मधमाशीला चार पंख आणि लांब मिशा. तिच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसले तर शंकाच नको.

पाठीच्या मधोमध, डोक्यातल्या भांगासारखी, सरळ रेघ असेल तर भुंगा. ती रेघ म्हणजे वरचे दोन कडक पंख जिथे मिटतात ती जागा. पंख एकमेकांवर फुलीसारखे पडले असतील आणि खांद्यांच्या मध्ये त्रिकोण असेल तर ढेकूणवर्गीय. कापसावरचा, भेंडीवरचा लाल ढेकण्या बघा म्हणजे ती फुली कायमची लक्षात राहील. ढेकूणवर्गीयांचं तोंड म्हणजे पोटाखाली दुमडून ठेवलेली नळी. भुंग्याला चावायचे जबडे असतात. शेतकऱ्याला हा फरक फार महत्त्वाचा, कारण एक पान कुरतडतो आणि दुसरा रस शोषतो.

मोगली एरंडावर एक निळा-हिरवा, काळ्या ठिपक्यांचा, दागिन्यासारखा चमकणारा किडा थव्याने बसतो. दरवर्षी पाच-सहा जण तो मला 'सोनेरी भुंगा' म्हणून पाठवतात. पाठ भुंग्यासारखीच कडक आणि फुगीर. पण फोटो मोठा करून बघा, भांग नाही! मानेमागून शेपटीपर्यंत एकच अखंड ढाल आहे. खांद्यांमधला तो त्रिकोणच वाढून सगळ्या पाठीवर पसरलाय. उलटा करून बघितलं तर पोटाखाली नळी दिसते. हा ढेकणांचा भाऊबंद. एक रेघ नाही एवढ्यावरून घराणं बदललं.

मिशांवरूनही बरंच कळतं. टोळाच्या मिशा आखूड आणि जाडसर. रातकिड्याच्या अंगापेक्षा लांब, केसासारख्या. (दुपारी झाडावर कर्कश ओरडतो त्यालाही लोक रातकिडाच म्हणतात. तो सिकाडा. तो ढेकूणवर्गीय, रातकिड्याचा आणि त्याचा काही संबंध नाही.) फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी कंगव्यासारखी किंवा नुसती दोऱ्यासारखी. चतुराच्या मिशा इतक्या बारीक की फोटोत दिसतच नाहीत. म्हणून 'लांब मिशांचा चतुर' असा फोटो आला की मी सावध होते. मऊ मातीत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्या पकडणारी अळी तुम्ही लहानपणी काडीने उकरून काढली असेल. ती मोठी होऊन पंख फुटले की हुबेहूब टाचणीसारखी, म्हणजे चतुराच्या बारीक भाऊबंदासारखी दिसते, पण तिला टोकाशी जाड झालेल्या मिशा असतात आणि ती रात्री दिव्यावर येते.

आता खंडोबाचा किडा

हा मला सगळ्यात जवळचा. जगात याच्या दोन हजार चारशेच्या वर जाती आहेत, भारतात दीडशेहून अधिक. त्यामुळे 'प्रार्थनाकीटक' एवढं म्हणणं म्हणजे 'पक्षी' म्हणण्यासारखं.

घराणं ओळखायला सोपं. त्रिकोणी डोकं, लांब मान वाटणारी छाती, आणि पुढचे दोन पाय काटेरी, अडकित्त्यासारखे दुमडलेले. उरलेल्या चार पायांवर तो उभा राहतो. मान वळवून मागे बघतो, असं बाकीच्या बहुतेक किड्यांना जमत नाही. फोटोत नेहमी वाटतं की तो आपल्याकडेच बघतोय, डोळ्यात काळा ठिपका असतो आणि आपण जिकडे जाऊ तिकडे तो सरकतो. ती बाहुली नव्हे. त्याचा डोळा हजारो बारीक डोळ्यांचा बनलेला. त्यातले जे नेमके आपल्या दिशेला असतात ते आत आलेला उजेड परत फेकत नाहीत, म्हणून तेवढी जागा काळी दिसते. ठिपक्याचा जातीशी संबंध नाही. रात्री काढलेल्या फोटोत अख्खा डोळाच काळपट दिसतो, तेही जातीचं लक्षण नाही, अंधारात त्याचे डोळे तसे होतात.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही सापडतात. "बाई, हिरवा आहे" हे वाक्य मला काहीच सांगत नाही.

मग बघायचं काय? पहिलं म्हणजे पुढच्या पायांची आतली बाजू. अडकित्ता मिटलेला असताना ती दिसत नाही आणि खूण नेमकी तिथेच असते. युरोपापासून आशियापर्यंत पसरलेल्या मँटिस रेलिजिओसा या जातीला काखेजवळ, आतल्या बाजूला काळा डाग असतो, पुष्कळदा मध्ये पांढरा. स्टॅटिलिया या लहान, बहुतेक वेळा मातकट दिसणाऱ्या किड्याच्या पायात आत काळ्या-पांढऱ्या रंगाचा पट्टा असतो. हायरोड्यूला, म्हणजे आपल्या कुंपणावर, पेरूच्या झाडावर नेहमी दिसणारा मोठा दांडगा हिरवा, त्याच्या पुढच्या पायाच्या वरच्या भागावर फिकट दाण्यांसारखे उंचवटे असतात, आणि मिटलेल्या पंखाच्या कडेजवळ एकेक पांढरट ठिपका.

हा आतला भाग दिसावा म्हणून लोक काडीने डिवचतात. तसं करू नका. तो घाबरून पाय पसरतो खरा, पण कधी फांदीवरून पडतो, आणि पोट अंड्यांनी भरलेली मादी पडून फुटलेली मी बघितली आहे. त्याऐवजी थांबा. खाऊन झालं की तो मांजरासारखी सफाई करतो: एक पाय उघडतो, तोंडाशी आणतो आणि वरपासून खालपर्यंत काटे एकेक करून चाटून साफ करतो. मी घड्याळ लावून बघितलंय, एकेका पायाला दोन-तीन मिनिटं सहज जातात. त्या वेळी पायाची आतली बाजू उजेडात असते आणि त्याचं लक्ष आपल्याकडे नसतं. त्या तीन मिनिटांत जे फोटो मिळतात, त्यावरून मला सगळ्यात जास्त कळतं.

दुसरं, डोळ्यांचा आकार. हायरोड्यूलाचे डोळे गोल. फुलांवर बसणाऱ्या क्रियोब्रोटरचे निमुळते, शंकूसारखे. गवतात राहणारा शिझोसेफाला बायकॉर्निस तर डोळ्यांवरूनच ओळखावा, डोळ्यांची टोकं शिंगांसारखी पुढे आलेली. तो दहा-बारा सेंटिमीटरहूनही लांब असतो आणि गवताच्या पात्याला समांतर पडून राहतो. कापणीच्या वेळी हाताला लागतो तेव्हा लोक त्याला काडीकिडा समजतात.

तिसरं, पंख आणि अंगाची ठेवण. क्रियोब्रोटरच्या वरच्या प्रत्येक पंखावर मधोमध डोळ्यासारखं गोल चिन्ह असतं. ते दिसलं की फार शोधावं लागत नाही. झाडाच्या सालीला चिकटून, चपटा होऊन, पालीसारखा भराभर बुंध्याच्या पलीकडे पळणारा करडा किडा हा बहुधा ह्युम्बर्टिएला. त्याचा फोटो दोघांनी मिळून काढावा लागतो, एक जण बुंध्याच्या पलीकडे उभा राहून. अडीच-तीन सेंटिमीटरचा, पुढचे पाय रुंद चकतीसारखे, आणि मुष्टियोद्ध्यासारखे एकेक करून गोल फिरवत बसलेला दिसला तर इफेस्टियासुला. कोरड्या झुडपी माळावर, डोक्यावर तुरा, काडीसारखी लांब छाती आणि मांड्यांवर सुकलेल्या पानांसारखी पाती असलेला दिसला तर तो गाँगिलस गाँगिलोडीस, व्हायोलिनसारख्या आकाराचा म्हणून प्रसिद्ध. त्याच्या नराच्या मिशा दोन्ही बाजूंनी कंगव्यासारख्या असतात. देवरुखच्या ओल्या रानात मला तो कधी भेटला नाही. सोलापूरला बदली झालेल्या एका मैत्रिणीने फोटो पाठवला तेव्हा मी तो आईला, नवऱ्याला, शिपाईमामांना, सगळ्यांना दाखवत फिरले.

गुलाबी-पांढरा, पाकळ्यांसारखे पाय असलेला किडा 'आमच्या बागेत सापडला' म्हणून दरवर्षी फिरतो. ती ऑर्किड मँटिस, मुख्यतः आग्नेय आशियातल्या पावसाळी जंगलांतली. फोटो खरा असतो, 'आमची बाग' खरी नसते. म्हणून कुणाकडून आलेला फोटो ओळखायच्या आधी विचारा, हा तू स्वतः काढलास का?

नर की मादी हेही बघता येतं. नर बारीक, पंख पोटाच्या पलीकडे जाणारे, मिशा लांब. मादीचं पोट रुंद. पोटाच्या खालचा फोटो असेल तर कप्पे मोजा: मादीत सहा दिसतात, नरात आठ. काचेच्या खिडकीवर बसलेला किडा आतून टिपला तर हा फोटो आयताच मिळतो.

जिथे मी फसले

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला त्या रात्री आमच्या पडवीतल्या दिव्यावर दोन सेंटिमीटरचा एक किडा आला. पुढचे पाय अडकित्त्यासारखे, मान लांब, डोकं त्रिकोणी. मी फोटो काढला, 'खंडोबाच्या किड्याचं पिल्लू' असं लिहून शाळेच्या फलकावर लावला. तीन आठवडे तो तिथे होता. मग आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, पिल्लाला पंख कसे?"

बरोबर होतं तिचं. खंडोबाच्या किड्याला कोषाची अवस्था नसते. पिल्लू आईबापासारखंच दिसतं, कात टाकत टाकत वाढतं, आणि पूर्ण पंख फुटतात ते शेवटच्या कातीनंतरच. त्याआधी पाठीवर नुसत्या पंखांच्या कळ्या असतात. म्हणजे पूर्ण पंख असलेला दोन सेंटिमीटरचा किडा पिल्लू असूच शकत नाही. मी फोटो पुन्हा मोठा करून बघितला. चारही पंख सारखे, पारदर्शक, जाळीदार, आणि पाठीवर कौलारू छपरासारखे उतरते ठेवलेले. खंडोबाच्या किड्याचे वरचे पंख जाडसर असतात आणि पाठीवर सपाट मिटतात. तो होता मँटिस्पिड, म्हणजे मातीत नरसाळी करणाऱ्या त्या अळीच्या नात्यातला. शिकार पकडायचे पाय दोघांना वेगवेगळ्या वाटांनी मिळाले. याच्या अनेक जातींच्या अळ्या कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीत शिरतात आणि आतली अंडी खाऊन वाढतात. फलकावरचा कागद मी त्या मुलीच्याच हाताने बदलून घेतला, खाली तिचं नाव लिहून.

त्याच चालीवर फसवणारा दुसरा किडा भातखाचरात सापडतो. काडीसारखा, पुढचे पाय अडकित्त्याचे, पण शेपटीला लांब दोऱ्यासारखी नळी. ती नळी पाण्याबाहेर काढून तो श्वास घेतो. तो पाण्यातला ढेकूणवर्गीय. फोटो पाण्यातला की झाडावरचा, एवढं सांगितलं तरी उत्तर मिळतं. आणि खरा काडीकिडा पानं खातो. त्याचे सहाही पाय साधे असतात, अडकित्ता नसतो.

पिल्लू असेल तर

पिल्लाच्या फोटोवरून जात सांगायची घाई करू नका. नुकती बाहेर पडलेली पिल्लं काही जातींत काळी, अगदी मुंगीसारखी दिसतात आणि मुंग्यांसारखीच धावतात. पंखांवरच्या खुणा पंख आल्याशिवाय दिसणार नाहीत. माझ्याकडच्या फोटोंत पावसाच्या सुरुवातीला बारीक पिल्लं जास्त, गणपतीच्या सुमारास अर्धी वाढलेली, आणि नवरात्र ते दिवाळी पंखवाले मोठे. म्हणून फोटोखाली तारीख हवी.

अंड्यांच्या गाठीचाही फोटो काढा, तिचा आकार जातीप्रमाणे बदलतो. गाठीवर भोकं आहेत का तेही बघा. ती वाचलेली सहावी गाठ आठवते ना? विद्यार्थी आठवड्यातून एकदा तिचा फोटो पाठवू लागला. एके दिवशी गाठीच्या बाजूला टाचणीने टोचावीत तशी गोल भोकं दिसली आणि वर चार-पाच मिलिमीटरच्या, हिरवट चमकणाऱ्या बारीक माश्या. शेपटीला अंगाएवढी लांब सुई, आणि मागच्या मांड्या फुगलेल्या. तो घाबरला, "बाई, पिल्लं अशी कशी?" ती पिल्लं नव्हती. पोडाग्रियॉन नावाची गांधीलमाशीच्या नात्यातली परजीवी माशी, ती फेसात सुई खुपसून आपली अंडी आत घालते आणि तिच्या अळ्या खंडोबाच्या किड्याची अंडी खातात. चारच दिवसांनी त्याच गाठीच्या मधल्या पट्टीतून खरी पिल्लंही उतरली, दोऱ्याला लोंबकळत. जेवढी वाचली तेवढी. दोन्ही फोटो आता आमच्या प्रयोगशाळेत शेजारी शेजारी लावले आहेत.

आणखी एक फोटो लोकांना घाबरवतो: पाण्याच्या बादलीत मेलेला खंडोबाचा किडा आणि त्याच्या पोटातून निघालेली काळी, वीतभर, तारेसारखी वळवळणारी वस्तू. तो त्याच्या पोटात वाढलेला परजीवी केसजंत. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

यंत्र आणि माणसं

गूगल लेन्स, आयनॅचरलिस्ट ही फोटोवरून नाव सुचवणारी साधनं मी रोज वापरते. सुरुवातीला दिशा मिळायला ती उत्तम. पण पडद्यावर पहिलं आलेलं नाव घेऊन मोकळं होऊ नका. ते नाव आपल्या भागात सापडतं का, हे नकाशावर बघा. एका अ‍ॅपने मला आमच्या कुंपणावरच्या किड्यासाठी आफ्रिकेतली जात सुचवली होती. फोटोत पान आणि बोटं जास्त असली की यंत्र किड्याऐवजी भलतंच बघतं, म्हणून कापलेला फोटो द्या. आयनॅचरलिस्टवर तारीख, ठिकाण आणि फोटो हे सगळं असेल आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक लोक एकाच जातीवर सहमत झाले तर नोंद संशोधनाच्या दर्जाची धरली जाते. भारतातल्या नोंदींसाठी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलही आहे. तिथे गट माहीत असला तर तेवढाच लिहा. चुकीच्या जातीपेक्षा बरोबर घराणं कधीही चांगलं.

मोठी फुलपाखरं आणि ठळक नक्षीचे पतंग एका फोटोवरून जातीपर्यंत जातात. राणी पाखरू, म्हणजे २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालेलं निळं-काळं, त्याला दुसरा फोटो लागत नाही. जूनमध्ये शाळेच्या भिंतीवर येऊन बसणारा अ‍ॅटलास पतंगही तसाच. पण बारीक माश्या, छोटे भुंगे, पुष्कळसे टोळ यांची जात सूक्ष्मदर्शकाखाली, कधी पोटाच्या टोकाचा भाग तपासूनच ठरते. अशा वेळी मी 'माशी, पुढे नाही' एवढंच लिहून पाठवते. लोकांना ते आवडत नाही, पण फोटोत जे नाही ते मी कुठून आणू?

मध्यंतरी पाचवीतल्या एका मुलाने आजोबांच्या फोनवरून घाणेरीच्या झुडपावरचं एक पिल्लू पाठवलं. सव्वा सेंटिमीटर, हिरवट-पांढरं, पोट विंचवासारखं पाठीवर वळवलेलं, डोळे निमुळते. चारही फोटो होते, पट्टी होती, घाणेरीचं फूलही होतं. मी लिहिलं, क्रियोब्रोटर असावं, पंख आले की पुन्हा पाठव. तो रोज शाळेला जाताना त्याच झुडपापाशी थांबू लागला. मधे एकदा त्याला फांदीला लटकलेली रिकामी कात सापडली, तीही त्याने कंपासपेटीत घालून आणून दिली. काल रात्री फोटो आला: हिरवे पंख, आणि पंखावर काळ्या कडेचा पिवळट डोळा. वहीत मी 'क्रियोब्रोटर' एवढंच लिहिलंय. जात ठरवायला तो डोळा सरळ वरून टिपलेला हवा, आणि उद्या सकाळी ऊन यायच्या आत जातो म्हणालाय.